बाटलेला अच्युत

दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या पुंडलिकनं दिलेली पहिली गोळी मुगाएवढी होती. पासष्टची लढाई, कारखान्यात बारा-बारा तासांची पाळी, आणि रांझीचा अच्युत वैरागडे लेथवर उभ्या उभ्या पेंगत होता. "घे भैया, देशासाठी घे," पुंडलिक हसत म्हणाला. ती अफू होती. पडदा वर जावा आणि सारा रंगमंच उजळावा, तसा अच्युतचा शीण पळाला! लढाई संपली, गोळी राहिली. सहा वर्षांत ती बोराएवढी झाली, आणि कारखान्यातला पहिल्या नंबरचा कारागीर गोळीशिवाय चहाचा कप सरळ धरू शकेना.

एकाहत्तरच्या नोव्हेंबरात त्याच्या हातून लागोपाठ तीन नग बिघडले. साहेबानं शेवटची ताकीद दिली. तेव्हा त्याची बायको विनता शेजारच्या बेबीताईंना घेऊन आली. बेबीताई निवृत्त नर्स, ख्रिस्ती, आवाज हवालदाराचा.

"सोडायची आहे?"

"हो."

"मग आजच. थोडी थोडी नाही."

रजेचे चार दिवस नाक-डोळे गळत राहिले, पोटऱ्यांत गोळे आले, पाणीही पोटात ठरेना. अच्युत शिव्या द्यायचा, बेबीताई बादली उचलायच्या. एकदा तो शरमून म्हणाला, "ताई, तुम्ही काहून करून राहिल्या हे?"

"येशूनं महारोग्याला हात लावला. ही तर बादली आहे."

चौथ्या दुपारी भिंतीकडे तोंड करून अच्युत पुटपुटला, "येशू, माझ्यानं नाही होत. तूच धर मला." आणि त्याचा डोळा लागला. उठला तेव्हा अंग तसंच ठणकत होतं. पण कुणीतरी धरलंय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रविवारी तो बेबीताईंबरोबर उपासनेला गेला.

झालं! कामगारांच्या घरांच्या साऱ्या लायनीत एकच बोंब: वैरागड्यांचा पोरगा बाटला!

पुढल्या आठवड्यात पुन्हा लढाई पेटली. बारा तासांच्या पाळीच्या पहिल्याच सकाळी त्याचे वडील, रामराव, ती बोंब ऐकून गावाहून, सिहोऱ्याच्या बसनं येऊन थडकले. खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली.

"घे. उभा राहशील. नोकरी वाचेल."

"बाबा, अफू आहे ही."

"माहीत आहे. अफूबाज पोरगा चालेल मला. बाटलेला नाही चालत."

अच्युतच्या तोंडाला पाणी सुटलं. हात आपोआप पुढे गेला. पुडी मुठीत आली, आणि त्या मुठीसकट तो मोरीशी गेला. गोळी टाकली, वर बादलीभर पाणी ओतलं.

"सहा वर्षं बाटलेलो होतो, बाबा! रोज पुंडलिकपुढे हात पसरत होतो. तेव्हा तुम्ही म्हणत होते, पोरगा थकून राहिला. आता येशूनं हात धरला, तर बाटलो? बरं, बाटलो! सिहोऱ्याच्या चौकात उभं राहून सांगा!"

"तुझ्या घरचं पाणी नाही पिणार मी."

"नका पिऊ. माठ भरलेला आहे. तहान लागली तर विनताला सांगा."

सायकलवर टांग टाकायचं बळ नव्हतं, म्हणून ती हातात धरूनच तो पाळीला निघाला. कारखान्याच्या फाटकाशी पुंडलिक उभा होता. "काहून पैदल, पादरी साहब? काही देऊ का?"

"पाय माझे आहेत आता," अच्युत म्हणाला. "हळू चालून राहिले, पण मी म्हणतो तिकडेच चालतात. हो बाजूला."

पुंडलिक बाजूला झाला.