कुटं जाऊन आलीस?

प्रार्थना संपून सगळ्यांचं 'आमेन' झालं, की बायबलबाई डोळे उघडायच्या आणि शेजारी बसलेलीला विचारायच्या, "कुटं जाऊन आलीस?" डोळे मिटून देवापुढं बसलेल्या बाईचं मन मधेच कुठं भटकून आलं, ते त्यांना ऐकायचं असे. 'कुठं नाही' हे उत्तर त्यांना चालत नसे.

घरोघरी जाऊन बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम, म्हणून अख्खी वस्ती त्यांना बायबलबाई म्हणायची. सोलापुरात जन्म गेला, तरी मंगळवेढ्याकडची बोली काही सुटली नाही. दर गुरुवारी आमच्या गल्लीत कुणाच्या तरी घरी प्रार्थना असे. जमिनीवर चादरी अंथरायच्या, डोक्यावर पदर घ्यायचा, आणि दहा मिनिटांत आमची मनं चौखूर उधळायची. कुणी नळापाशी, कारण चार दिवसांनी पाणी यायचं ते नेमकं त्याच दिवशी. कुणी जावेच्या नव्या बांगड्यांपाशी. एकदा चर्चच्या पाळकसाहेबांनी चांगली अर्धा तास प्रार्थना केली, तर बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. ते बिचारे लाजत म्हणाले, स्कूटरच्या पंक्चरपाशी होतो.

बाई रागवत नसत. स्वतःचंही सांगत; बहुतेक वेळा त्या चुलीवरच्या आमटीपाशी जाऊन आलेल्या असत. मग म्हणत, "मन जायाचंच की. तितं मुक्काम करायचा न्हाय, एवढंच. 'गेलते' म्हनलं की परत येता येतं." मला हा प्रकार पोरकट वाटायचा. मी शाळेतली शिक्षिका, चारचौघींत मन उघडं करायची मला लाज. तरी खरं सांगायचे, कारण त्यांच्या डोळ्यांपुढं खोटं टिकत नसे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी मी भेटायला गेले, तर माझा हात घट्ट धरून त्यांनी प्रार्थना करायला सांगितलं. मी केली. आमेन झाल्यावर आधी त्याच बोलल्या. डोळे मिटले की लहानपणीचं शेत, ज्वारीचा हुरडा, मेलेल्या बहिणीचं लुगडं, हेच दिसतं, देव काही दिसत नाही, हे त्यांनी घाबरत घाबरत सांगितलं. मग विचारलं, "तू कुटं गेलतीस गं?"

मरणाच्या दारात असलेल्या माणसापुढं मला माझं खरं फार क्षुल्लक वाटलं. मी म्हणाले, "कुठंच नाही, बाई. मी देवापाशीच होते."

"मग मी एकलीच भटकते म्हन की," एवढंच म्हणाल्या, आणि हात सोडून भिंतीकडे वळल्या. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

त्यांना त्या दुपारी फक्त सोबत हवी होती, हे मला दफनभूमीत मूठभर माती टाकताना कळलं.

आता गुरुवारी आमेननंतर कुणी काही विचारत नाही. पदर सावरून सगळ्या चहाकडे वळतात. मी मात्र दर वेळी मनातल्या मनात तेच उत्तर देते, जे तेव्हा द्यायला हवं होतं. बाई, मी नव्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात होते. ओट्याला काळा ग्रॅनाइट बसवावा की हिरवा, ते ठरत नव्हतं.