माउसखालचं घड्याळ

मी घरातला पहिला पदवीधर झालो तो आमच्या गावच्या शिंदे गुरुजींमुळे. हजेरीच्या वेळी कुणी मित्रासाठी खोटंच "हजर" म्हणालं, की गुरुजी चष्म्यावरून बघत विचारायचे, "आवाज आला रे, पण पोरगं कुठंय?"

गेल्या महिन्यात ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसणारा सुहास जिन्यात बेशुद्ध सापडला. दीड तास त्याला कुणी शोधलंच नव्हतं, कारण खुर्ची रिकामी दिसली तरी आमच्या स्क्रीनवर त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, म्हणजे तो कामावर हजर होता. त्याच्या टेबलाशी गेलो, तर माउस मनगटी घड्याळावर ठेवलेला. खाली सेकंदकाटा फिरत राहिला की कॉम्प्युटरला माउस हलतोय असं वाटतं आणि ठिपका हिरवाच राहतो. पाच मिनिटं डोळे मिटायलाही त्याला ही युक्ती लागत होती.

सुहास आता घरी आहे. फोनवर विचारलं, "कधी येतोस?" म्हणाला, "ठिपका पाठवू का?" दोघंही हसलो. पण रिकाम्या खुर्चीसमोर जागा राहिलेला तो ठिपका माझ्या मनातून जात नाही.

काल जेवायला उठलो आणि मनगट हलकं वाटलं. वळून पाहिलं. माझं घड्याळ माउसखाली होतं. ते मी कधी ठेवलं, मला आठवेना.

घड्याळ हातात बांधलं, रजेचा अर्ज दिला आणि पत्र लिहिलं:

"गुरुजी, शिरसाष्टांग नमस्कार. सोमवारपासून आठ दिवस मी ऑफिसात गैरहजर आहे. तुमच्या ओट्यावर येऊन बसेन. एकदा माझी हजेरी घ्या."