सुकट माझीच होती

“सुकट माझी होती,” मी म्हणाले. “पिशवी माझी, डोकं माझं, आणि वासही मीच सोसला.”

छाया म्हणाली, “न्हाई आक्का. ती मंगलबाईंची गोष्ट हाय. समद्यांना म्हाईतीय.”

“समद्यांना म्हणजे कोणाला?”

“समद्यांना,” ती म्हणाली, आणि पाण्याच्या टाकीखाली बसलेल्या पंधरा-वीस बायकांनी माना हलवल्या. मंगल माझ्यासमोरच बसली होती. मेथी निवडत होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मला तिचा राग येतो तो याचसाठी. भांडायला समोर माणूस लागतं, आणि ही मेथी निवडते.

भांडण खरं म्हणजे सुकटीचं नव्हतंच. येत्या सोमवारी सावेडीकडच्या एका मोठ्या सोसायटीच्या कमिटीपुढे आमच्यातली एक बाई बोलायला जाणार होती. मागणी एकच: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, आणि त्या सुट्टीपायी घर तुटायचं नाही. घर तुटलं म्हणजे काम सुटलं, आमच्यात असंच म्हणतात. कमिटीने सांगितलं होतं, घोळका आणू नका, एकीलाच पाठवा. अशा ठिकाणी अकरा वर्षं मीच जात आले. मी इंदूबाई, वय अडुसष्ट, सगळ्या वस्तीची आक्का. या वेळी मात्र मी पदर खोचून उठायच्या आत छाया म्हणाली, मंगलबाईंना पाठवू. का, तर सुकटीचं त्यांनीच केलं ना.

चाळीस वर्षं लोकांच्या घरी धुणंभांडी केली की किस्से साठतातच. माळ्यावरच्या डब्यांसारखे. कोणता कधी ठेवला ते आठवत नाही, पण खाली काढला की भरलेला निघतो. किस्से चोरीलाही जातात, हे मात्र मला या वयात कळलं. जमिनीला सातबारा असतो, किश्शाला नसतो. म्हणून लिहून ठेवते. भांडण कुठे गेलं ते सांगेनच, आधी माझा माल माझ्या नावावर लावून घेते.

*

लिहायला कुठे शिकलात, असं लोक विचारतात. शाळेत नाही. दारांवर शिकले.

प्रत्येक घराच्या दारावर पाटी, आणि आत कोण राहतं ते मला ठाऊक. मग पाटीवर तेच लिहिलेलं असणार ना? तशी अक्षरं जुळवत गेले. घरं वाढली तशी अक्षरं वाढली. देशमुखांकडे श मिळाला, कुलकर्ण्यांकडे रफार. ज्ञ साठी थांबावं लागलं, ज्ञानेश्वर नावाचे इंजिनियर भाड्याने राहायला येईपर्यंत.

पहिलं अख्खं वाक्य मी वाचलं ते एका बंगल्याच्या फाटकावर: ‘कुत्र्यापासून सावध राहा.’ मोठ्याने वाचलं. आतून बाईंना बोलावून त्यांनाही वाचून दाखवलं. तोवर मला त्या घरी लागून दोन वर्षं झाली होती, आणि कुत्रा माझ्या हातची भाकरी खात होता.

*

हौसाचं घर तुटलं त्याचा किस्सा.

हौसा एका डॉक्टरांकडे कामाला. लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तीन दिवसांनी आली, तर बाई दारातूनच म्हणाल्या, तू नको, आम्ही दुसरी बघतोय. मी त्याच दिवशी चौदा घरं फिरले आणि प्रत्येकीला सांगितलं, हौसाचं घर कोणी धरायचं नाही. बोलावणं आलं तर म्हणायचं, कंबर दुखते.

ही माझी चूक. घाईत सगळ्यांना एकच कारण शिकवलं. दोन दिवस बाईंनी निरोप धाडले, तिसऱ्या दिवशी स्वतः गाडी घेऊन गल्लीत आल्या. पहिल्या दारात कंबर. दुसऱ्या दारात कंबर. नवव्या दारातली तर आतून धावत आली आणि कंबर म्हणून हात गुडघ्याला लावला.

बाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या. “अहो, अख्ख्या गल्लीची कंबर एकाच दिवशी कशी धरली?”

मी म्हणाले, “डॉक्टर तुमच्याच घरात आहेत. त्यांना विचारा.”

दुसऱ्या दिवशी हौसा कामावर. तेव्हापासून नियमच झाला: विनाकारण जिचं घर तुटलं, तिचं घर दुसरीने धरायचं नाही. हा किस्सा मी सांगते तेव्हा बायका पोट धरून हसतात. हौसा तर डोळे पुसते आणि म्हणते, “आक्का, तुमी हुत्या म्हून जमलं.” मला ते ऐकायला आवडतं. खोटं कशाला बोलू.

*

घरकामाच्या बायकांची सरकारात नोंद होते. फॉर्मवर घरवाल्याने लिहून द्यावं लागतं की ही बाई आमच्याकडे काम करते, आणि खाली सही. बस्स, एवढंच. पण त्या एका सहीसाठी बायकांच्या चपला झिजल्या.

माझ्या एका घरच्या मॅडम, कामगार दिनाला माईकवर बोलणाऱ्या. त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला तर गोड हसल्या. “सही कशाला गं इंदू? तू काय आम्हाला कामवाली आहेस? तू तर घरचीच.”

“मग रेशनकार्डात नाव घाला,” मी म्हणाले.

मॅडमना पेन सापडेना. आतल्या खोलीतून त्यांच्या मिस्टरांनी आणून दिलं. ते अजून भेटले की हसतात.

*

आता सुकट.

त्याच सावेडीकडच्या सोसायटीत एकदा हुकूम निघाला, बाहेर पडताना बायकांच्या पिशव्या फाटकावर तपासायच्या. पिशवीत असतं काय? रिकामा डबा, एखादा फडका, कुठल्या बाईने दिलेली कालची पोळी. पण येणारे-जाणारे बघतात, आणि वॉचमन पिशवीत हात घालतो. पोरीबाळी खाली मान घालून उभ्या.

वॉचमनमामा माणूस वाईट नव्हता. गळ्यात तुळशीची माळ, मासळीचं नुसतं नाव काढलं तरी आंघोळ करणारा. मी बाजारातून सुकट आणली, चांगली वाळलेली, आणि कागदात न बांधता पिशवीच्या तळाशी पसरली. मामांनी हात घातला तो कोपरापर्यंत. मग नळावर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी सहा जणींच्या पिशवीत सुकट. तिसऱ्या दिवशी मामांनी खुर्ची उचलली, फाटकाकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, “जा बायांनो. मला काही दिसत नाही.”

मागच्या वर्षी रस्त्यापलीकडच्या सोसायटीत तेच पिशव्यांचं सुरू झालं. तिथल्या चार जणींनी बोंबील नेले. मला कळलं तेव्हा छाती फुगली. मुद्दाम चालत गेले आणि विचारलं, कोणी शिकवलं? त्या म्हणाल्या, मंगलबाईंनी. त्यांनी स्वतः केलंय ना.

माझी सुकट झाली तेव्हा मंगल नगरात आलीही नव्हती.

*

ही मंगल खर्ड्याकडची. नवऱ्याबरोबर दरवर्षी ऊसतोडीला जायची. मोळ्या उचलून खांदा गेला तेव्हा कोयता सोडला आणि चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत राहायला आली. तिला पहिलं घर मी लावून दिलं, हेही लिहून ठेवते. सकाळी कामावर जाताना बरोबर चालायचो तेव्हा माझे सगळे किस्से मीच तिला सांगितले. ऐकत राहायची. मला वाटायचं, चांगली बाई आहे, मध्ये बोलत नाही.

एवढीशी बाई, आवाज असा की शेजारी बसून कान द्यावा लागतो. पण बघता बघता बायका अडचण घेऊन माझ्या दारावरून पुढे, तिच्या दारात जायला लागल्या. माझं दार आधी लागतं. त्या मान वळवून जायच्या.

लिफ्टचा किस्सा तिचा. मी मानते. दात-ओठ खाऊन मानते. आम्ही काम करतो त्या एका सोसायटीने लिफ्टमध्ये पाटी लावली, ‘घरकामाच्या बायकांनी जिना वापरावा.’ मी स्वतःच्या हाताने तीन पानी अर्ज लिहिला. सेक्रेटरी म्हणाले, अक्षर छान आहे, आणि खणात ठेवला.

मंगल म्हणाली, लिवलंय तसं करू. दुसऱ्या दिवसापासून बायका जिन्याने निघाल्या. प्रत्येक मजल्यावर टेकायचं, दम खायचा, मग पुढचा जिना. वर कुकर लागेना, डबे होईनात, लोकांच्या ऑफिसच्या वेळा टळल्या. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी आपली पोळ्यावाली शोधत स्वतः जिना उतरले. मंगल तिसऱ्या मजल्यावर बसलेली.

“इथे काय करताय?”

“साहेब, पाच मजले हायत. तीन झाले.”

सेक्रेटरींनी तिला स्वतः लिफ्टने वर नेलं. संध्याकाळी पाटी गायब. माझ्या अर्जाचाही परिणाम असणारच, असं मी बायकांना म्हणाले. मंगलच म्हणाली, “व्हय, असंल की.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

*

लाज सोडून हाही सांगते.

नंतर महिन्याभराने मी कोपरगावला धाकट्या बहिणीकडे गेले. तिच्या शेजारणी जमल्या. मी म्हटलं, ती माझे किस्से घेते, मग मी तिचा एक घेतला तर काय बिघडलं? लिफ्टचा किस्सा माझ्या नावावर सांगायला घेतला. जिन्यात टेकले इथवर आले, तोच बहीण म्हणाली, “आक्का, तू? तू जिन्यात गप बसशील? तू त्या सेक्रेटरीची गचांडी धरून त्याला खाली आणशील.”

सगळ्या हसल्या. मी चहा संपवला आणि पुढच्या एसटीने नगरला परत आले.

*

छायाचा किस्सा सगळ्यात जिव्हारी लागला.

छायाचं माहेर शनिशिंगणापूरचं. तिथल्या घरांना दारं नाहीत, आणि ही इथे दाराची बेल वाजवायला घाबरायची. दूधवाला येऊन बेल वाजवेपर्यंत पायरीवर उभी राहायची. तिच्या फॉर्मवर तिच्या बाईंची सही मागायला मी जाते म्हटलं तर म्हणाली, “नको आक्का, तुमी भांडाल, मग माझं घर तुटंल.”

एक दिवस तीच पेढे घेऊन दारात. सही झाली होती. बाई तिला ‘घरचीच’ म्हणाल्या, आणि छाया म्हणाली, मग रेशनकार्डात नाव घाला. माझं वाक्य. काना-मात्रा न बदलता.

“कोणी सांगितलं तुला हे?”

“मंगलबाईंनी. त्यांनी त्यांच्या बाईंना असंच म्हणलं हुतं. त्यांचे बी पाय लटलट कापत हुते म्हणं. तोंडातनं शब्द फुटंना. तरी म्हणल्या.”

माझे पाय कधी कापले? मी त्या मॅडमच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाले होते. चोरी ती चोरी, वर ही फोडणी. पेढा मी घेतला, पण खाल्ला नाही.

*

तर त्या दुपारी टाकीखाली हे सगळं मी एका दमात बाहेर काढलं. हौसाची कंबर, मॅडमचं पेन, मामांची खुर्ची. हौसाने साक्ष दिली. बायका जागोजागी हसल्या, मामांच्या खुर्चीला तर टाळ्या पडल्या. मला वाटलं, जिंकले. मी म्हटलं, आता सांगा, सोमवारी कोण जाणार?

हसू थांबलं. मग छाया खाली बघून म्हणाली की मंगलबाई जाणार असतील तर त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत ती येईल. तिच्यामागून दुसरी म्हणाली, मीबी येईन. तिसरी म्हणाली, मला जरी एकटीला धाडलं तरी मी जाईन, मंगलबाईंनी नुसतं काय बोलायचं ते सांगावं. ही तिसरी म्हणजे नवव्या दारातली, जिने कंबर म्हणून गुडघा धरला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मंगलसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुला घर मी लावून दिलं. माझ्या अकरा वर्षांवर तू स्वतःचं नाव घातलंस. माझे न कापलेले पायसुद्धा कापवलेस. आज या सगळ्यांदेखत बोल.

मंगलने मेथी बाजूला ठेवली. पदर सारखा केला. बायकांकडे बघून म्हणाली, “सुकट आक्कांची हाय. कंबर आक्कांची, रेशनकार्ड बी आक्कांचं. मी एक बी केलेलं न्हाई.”

छायाचं तोंड उघडंच राहिलं.

“मग माझं नाव घ्यायला तुझी जीभ कुठे अडते?” मी विचारलं.

ती माझ्याकडे बघून, नेहमीच्याच त्या बारीक आवाजात म्हणाली, “आक्का, तुमचं नाव घेतलं की बायका नुसत्या हसत्यात, माझं घेतलं की दुसऱ्या दिवशी करून बघत्यात.”