घुमेकरांचा पाट

घुमेकरांकडे मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या इमारतीत ते माझ्या डोक्यावर राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या स्वयंपाकघरातली मांडणी थरथरायला लागली. मला वाटलं भूकंप. तरातरा वर गेले, बेल मारली आणि कमरेवर हात ठेवून म्हटलं, "अहो, माझी भांडी वाजतायत." दारात साठी उलटलेला, उंच, जरा वाकलेला माणूस. माफी नाही, काही नाही. मी पेढे घेऊन आल्यासारखा त्यांचा चेहरा खुलला. म्हणाले, "कुठलं भांडं?"

असला प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नव्हता. आणि माझा वेडेपणा बघा, मी खाली येऊन नीट बघितलं आणि परत वर जाऊन सांगितलं, पोह्यांचा डबा.

दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव वेगळं होतं. घुमेकर हे आमच्या इमारतीने ठेवलेलं नाव, कारण त्यांच्या घरातून कायम काहीतरी घुमत असायचं. ते बेस गिटार वाजवायचे, ती जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. मूळचे कुडाळकडचे, वडील गिरणीत, आणि यांनी उमेदीची सगळी वर्षं ऑर्केस्ट्रात घालवली. लग्न राहूनच गेलं. पुढे कीबोर्डवाले डाव्या हाताने बेस काढायला लागले आणि यांचा फोन वाजेनासा झाला.

ते म्हणायचे, "ताई, बेस कुणाला ऐकू येत नाही. बंद पडला की लोकांना काहीतरी चुकतंय एवढं कळतं. काय ते नाही कळत."

फोन वाजत नव्हता, पण तयारी जोरात होती. त्यांच्या आईचा जेवायचा सागवानी पाट होता. त्यावर त्यांनी लोखंडी डब्या स्क्रूने घट्ट बसवल्या होत्या. त्यांना प्रीअँप म्हणतात. गिटारचा आवाज स्पीकरकडे जाण्याआधी या डबीतून जातो आणि जशी डबी तसा रंग घेतो. एकीत जुन्या रेडिओसारखा बल्ब होता, तिच्यातून आवाज गोल आणि उबदार यायचा. दुसरी अगदी स्वच्छ, तारेवर बोट घासलं तरी सांगणारी. तिसरी गुरगुरायची. पायाने बटण दाबायचं की डबी बदलली. जेवणाच्या पाटाला पाय लावता, म्हणून मी त्यांना झापलंसुद्धा. तर म्हणाले, आधी पाया पडतो, मग पाय ठेवतो. आणि खरंच पडायचे.

एकाला तीन कशाला, हे मला पुष्कळ दिवसांनी कळलं. एका आयोजकाने सांगितलं होतं, तुमचा आवाज फार कोरडा. तेव्हा बल्बवाली आली. दुसरा म्हणाला, तुमचा आवाज जुनाट. तेव्हा स्वच्छ आली. तिसऱ्याला कोळीगीतांना दम कमी वाटला, तेव्हा गुरगुरणारी. ज्याने ज्या कारणाने नको म्हटलं, त्याला उत्तर म्हणून एकेक डबी. आता कुणी काही म्हणूच शकणार नाही, असं ते म्हणायचे. 

संध्याकाळी वर बेस सुरू झाला की मी ओट्याशी उभी राहायची. बल्बवाल्या डबीला पोह्यांचा डबा वाजायचा, स्वच्छ डबीला ताटं, आणि गुरगुरणारीला पाण्याचं पिंप. मी जिन्यातून ओरडून सांगायची, मग ते एखादी कळ फिरवायचे. आई गेल्यापासून मी घरात एकटीच. खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या तासाची मी दिवसभर वाट बघायची.

आणि एकदा फोन वाजला. जुन्या ऑर्केस्ट्रातले सगळे मिळून एक कार्यक्रम करणार होते, मुलुंडमध्येच, रविवारी सकाळी. घुमेकरांनी इस्त्रीचा झब्बा घातला आणि पाट चादरीत गुंडाळून नेला. मी तिसऱ्या रांगेत बसले. पहिलं गाणं सुरू झालं. घुमेकर डोळे मिटून वाजवतायत, बोटं चालतायत, पायाने डबी बदलतायत. आणि माझ्या खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला, तर काही म्हणजे काही जाणवेना. दुसरं गाणं, तिसरं, मध्यंतर. लोक टाळ्या वाजवतायत. काही चुकतंय असं एकाच्याही तोंडावर नाही.

शेवटी मी उठले आणि मागे साऊंडवाल्याकडे गेले. म्हटलं, बेस कुठाय? तो म्हणाला, "कीबोर्ड से आ रहा है ना, आंटी." मी म्हटलं, तो कोपऱ्यातला माणूस वाजवतोय तो बेस दे, नाहीतर मी इथून हलत नाही. त्याने कपाळाला आठ्या घालून एक खटका वर सरकवला. परत जागेवर येऊन दांड्यावर हात ठेवला. दांडा घुमत होता. तीन गाणी उरली होती.

येताना रिक्षात पाट त्यांच्या मांडीवर होता. म्हणाले, "तुम्ही उठलात ना?"

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्या गाण्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी पाटावरची चादर घट्ट केली. मग म्हणाले, "बोललो असतो, आणि तो म्हणाला असता गरज नाही, तर?"

 घर आल्यावर पाटाची एक बाजू मी धरली आणि आम्ही तो वर नेला.

वर्षभरात इमारत पाडायला निघाली. घुमेकर भाडेकरू, ते पाट घेऊन गावी गेले. मला अकराव्या मजल्यावर नवी जागा मिळाली. इथे ताटं रबर लावलेल्या ट्रॉलीत बसतात, कितीही हादरा बसला तरी वाजायची नाहीत. रविवारी त्यांचा फोन यायचा. पाटावर चौथी डबी बसवली म्हणाले. गावच्या भजनात बुवा म्हणतात, बेस कशाला हवा, म्हणून.

गेल्या वर्षी ते गेले. त्याआधीच्या रविवारी त्यांनी फोन गिटारजवळ ठेवून वाजवून दाखवलं. मला फक्त तारेवर बोटं आपटल्याची टकटक ऐकू आली. मग त्यांनी विचारलं, "वाजलं काय?"

म्हटलं, "वाजला. पोह्यांचा डबा."

 "ताई, फोनातून बेस येत नाय."

"मग विचारता कशाला?"

"इचारूक बरा वाटता."

तो डबा मी ट्रॉलीतून काढून ओट्यावर ठेवलाय, उघड्या दगडावर. येणारे-जाणारे विचारतात, हा इथे मध्येच कशाला? मी सांगते, ट्रॉलीत मावत नाही.