वर्षाची टेस्ट काढायची नाही

वर्षा गेली, आणि तिनं कोडमध्ये लिहिलेली टेस्ट काढून टाका म्हणून आज सकाळीच फोन आला.

दहावा तरी होऊ द्यायचा होता.

तिला न ओळखणाऱ्यांसाठी सांगतो. वर्षा नांदूरघाटची, ऊसतोड कामगारांची पोरगी. बीडमध्ये खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिथं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची.

कावीळ अंगावर काढली आणि गेल्या आठवड्यात गेली. मी अजून चिडलोय तिच्यावर.

ती यायच्या आधी आमचा कारभार रामभरोसे होता. अ‍ॅप बनवायचं, दोन-चार बटणं दाबून बघायची आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना पाठवून द्यायची.
'फायनल'. मग 'नवी फायनल'. मग 'खरी फायनल'.

वर्षानं ते बंद पाडलं. आता आम्ही फक्त कोड लिहून पाठवतो, पुढचं सगळं मशीन करतं. अ‍ॅप तयार करतं, ते नीट चालतं का हे तपासायला आम्ही लिहिलेल्या टेस्ट चालवतं, सगळ्या पास, म्हणजे हिरव्या आल्या की अ‍ॅप आपोआप लोकांच्या फोनवर जातं.

एक जरी लाल आली तरी सगळं थांबतं. कंपनी चालवणाऱ्या सरांनी हात जोडले तरी थांबतं.

"मानसाला फोन करून वाकवता येतंय रे," ती म्हणायची. "मशीनला कोन फोन करनार?"

भांडण एका टेस्टवरून आहे.

आमच्या अ‍ॅपवर ऊसतोड टोळ्यांची नोंद होते. नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजतात, आणि नाव लागतं एकट्या नवऱ्याचं. वर्षानं बायकोच्या नावाचा रकाना घातला आणि टेस्ट लिहिली: तो रकाना कोरा असताना अ‍ॅपनं जोडी नोंदवून घेतली, तर लाल.

ज्याच्यासाठी हे अ‍ॅप बनवलं तो क्लायंट तेव्हाही कुरकुरला होता. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, बाईचं नाव कशाला? कोयता तर एकच हाय ना?"

"कोयता एक हाय, पर हात चार हायेत," वर्षा म्हणाली. "माज्या मायचा पाय ट्रॉलीखाली आला, भरपाई मागितली तवा मुकादम म्हनला, तुमचं नाव कुठंय? नाव तर मालकाचं हाय. ती अजून लंगडती. आता सांगा, बाईचं नाव का म्हून काढू?"

समोरून फोन ठेवला.

आज तोच क्लायंट म्हणतो, रकाना ऑप्शनल करा, नावं भरण्यात वेळ जातो.

वेळ! बाईकडून मोळ्या बांधून घ्यायला वेळ असतो. त्याच मोळ्या तिच्या डोक्यावरून ट्रकात चढवून घ्यायला असतो. नाव विचारायला नसतो.

रकाना ऑप्शनल केला की टेस्ट लाल येणार आणि अ‍ॅप अडकणार. म्हणून मग टेस्टच काढा.

सरांनी मला सांगितलं. मी नाही म्हटलं.
मग माझ्यासारखाच कोड लिहिणाऱ्या इम्रानला सांगितलं. तो खुर्चीतून उठलाच.
"न्हाई सर. आमी न्हाई काढनार. दुसरं काय बी सांगा."

क्लायंट गेला तर पगार कुठून देऊ, असं सर म्हणाले. त्यांचंही खोटं नाही, एवढा मोठा क्लायंट आमच्याकडे दुसरा नाही. तरी जाऊ दे. दुसरा शोधू.

सर, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे आहे. आम्हाला न विचारता तुम्ही ती टेस्ट काढू शकता.

काढायची तर काढा. फक्त कुठली ओळ कुणी लिहिली आणि कुणी काढली, ते आपल्या कोडमध्ये नावानिशी राहतं. उद्या कामावर येणारं प्रत्येक पोरगं ते वाचणार.

आणि दहाव्याला आपण सगळे नांदूरघाटला जाणार आहोत. तिची माय समोर बसलेली असेल. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. आमचं ठरलंय.

वर्षा, तुला मनापासून शेवटचा रामराम.
तू निवांत जा. इथं आम्ही आहोत.