यादोगोपाळ पेठेतील पंगत

सांगलीहून निघालेली एस.टी. कऱ्हाड सोडून उत्तरेला लागली की प्रवासी उजव्या-डाव्या अंगाला पाहू लागत. दक्षिणेकडून येणाऱ्याला सातारा एकदम दिसत नाही. आधी दिसतो अजिंक्यतारा, आणि त्याला वळसा घातल्यावर त्याच्या उत्तर उतारावर विसावलेले ते शहर. एके काळी तेथे राज्याची गादी होती. १९७३च्या जानेवारीत मी तेथे उतरलो तेव्हा गादी नव्हती, पण शहराच्या चालण्या-बोलण्यात तिचा अदबशीर संथपणा उरला होता. उताराची गल्लीसुद्धा माणसे घाई न करता उतरत.

मी तेव्हा सांगलीच्या विश्रामबागेतील एका महाविद्यालयात संस्कृत शिकवीत असे. साताऱ्यातील एका वैदिक घराण्याकडे काही जीर्ण पोथ्या होत्या. त्या बाहेर नेण्यास मनाई असल्याने तेथेच बसून नकलून घेण्यासाठी मी सहा महिन्यांची रजा काढली होती. राहण्यास खोली मिळाली. जेवणाचे काय, असे विचारल्यावर घरमालकांनी एकच नाव सांगितले, “शरयूबाई. राजवाड्यामागे, यादोगोपाळ पेठेत. कोर्टाची खानावळ म्हणून कुणालाही विचारा.”

नव्या राजवाड्यात त्या काळी जिल्ह्याचे कोर्ट भरे. ज्या दालनांतून पूर्वी राजाज्ञा सुटत, त्या दालनांतून आता बांधांच्या, वाटांच्या आणि विहिरींच्या तारखा सुटत. रोज सकाळी खेड्यापाड्यांतून माणसे येत. धोतर, कोट, पटका, आणि काखेत कागदांची पिशवी. ही सारी माणसे दुपारी भुकेजत, आणि त्यांतील बहुतेकांची पावले शरयूबाईंच्या ओसरीकडे वळत.

शरयूबाई मूळच्या वाईच्या. कृष्णेच्या घाटावर बालपण गेलेले, आणि पंधराव्या वर्षी साताऱ्यात दिलेल्या. यजमान कोर्टात बेलीफ होते. समन्स बजावण्यासाठी ते गावोगाव सायकलवरून हिंडत आणि ज्याच्या दारी समन्स लावीत त्याच्याच ओसरीवर पाणी पीत. ते अकाली गेले तेव्हा बाईंची पस्तिशीही उलटली नव्हती. मुलेबाळे नव्हती. तेराव्यानंतर आठच दिवसांनी यजमानांच्या ओळखीचा एक पक्षकार काही ठाऊक नसल्याने दाराशी येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला दुःखाची वार्ता सांगितली आणि जेवून जाण्यास सांगितले. दुसऱ्या तारखेस तो आणखी तिघांना घेऊन आला. खानावळीचा आरंभ एवढाच.

मी गेलो तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. काष्ट्याची नऊवारी, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग, आणि आवाज असा की तो चढवण्याची गरज कधी पडू नये. त्यांच्या खानावळीचे दोन नियम होते. कोर्टाची पिशवी आत आणायची नाही, ती ओसरीच्या खुंटीला टांगायची. आणि वादी-प्रतिवादी एकाच पंगतीला असतील तर त्यांनी एकमेकांशेजारी बसायचे.

दुसऱ्या नियमाचे मला नवल वाटले. एकदा मी विचारलेही.

“समोरासमोर बसवून पाहिलं होतं, विष्णुपंत,” त्या म्हणाल्या. “दोघं एकमेकांकडे बघत बसतात, आमटी निवते. शेजारी बसवलं की ज्याला त्याला आपलंच ताट दिसतं.”

“आणि भांडण?”

“पानावर कोर्ट नाही. इथं जे बोलाल ते इथंच राहील, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आले आहे. त्याच भरवशावर माणसं इथं मोकळी जेवतात.”

ते दुष्काळाचे वर्ष होते. ज्वारी दुर्मिळ झाली होती. परदेशातून आलेल्या मिलो नावाच्या तांबड्या ज्वारीच्या भाकऱ्या बाई थापीत, आणि त्या तुटू नयेत म्हणून गरम पाण्यात पीठ मळून त्यात थोडे तांदळाचे पीठ मिसळीत. कुणी कुरकुर केली की म्हणत, “रंग बघून खाऊ नका, भूक बघून खा.” माणसे हसत आणि खात.

नेमाने येणाऱ्यांत कोरेगाव रस्त्यावरच्या एका गावचे दोन भाऊ होते. थोरला दादासो, साठीकडे झुकलेला, अबोल. धाकटा सयाजी, सैन्यातून सुभेदार होऊन परतलेला, मिशीदार आणि बोलघेवडा. गावाहून सकाळची एकच गाडी असल्याने दोघे एकाच गाडीने येत आणि पुढच्या-मागच्या बाकांवर बसत. खटला विहिरीचा होता. दादासोचे म्हणणे, विहीर वाटणीच्या आधी दोघांनी मिळून खणली, तेव्हा आठवड्यातील निम्मी पाळी माझी. सयाजीचे म्हणणे, विहीर माझ्या वाट्याच्या रानात आहे आणि वाटणीनंतर माझ्या पगारातून खणली आहे. सात वर्षे तारखा चालल्या होत्या. कागद कुणाकडेच नव्हता.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी पंगत बसली होती. सयाजीच्या उजवीकडे दादासो, डावीकडे मी, आणि समोर दहिवडीकडचा बिराप्पा नावाचा म्हातारा मेंढपाळ. त्याच्या मुलखात प्यायला पाणी उरले नव्हते. त्याने घोटभर ताक घेतले आणि विचारले, “सुभेदार, तुमच्याकडं हिरीला पानी हाय म्हनं अजून?”

“हाय म्हंजे?” सयाजीने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. “दोन परस खोल पानी हाय, दोन मानसं बुडतील इतकं. तालुक्यातल्या हिरी पार आटल्या, आमची न्हाई आटली.”

“दैवाचं हाय गड्या तुमचं.”

“दैव कसलं आलंय. मी रजेवर आलो हुतो तवा आमा दोघा भावांनी खनलीया ती. खाली काळा पत्थर लागला. ह्यो आमचा दादा सुरुंगाची भोकं पाडायचा, मी बत्ती द्यायचा. एक डाव दगूड उडाला, तो ह्येच्या अंगठ्यावर. बग, अजून नख न्हाई त्येला. असं खनल्यावर आटंल कसं पानी?”

आणि त्याने खरोखरच थोरल्या भावाचा डावा हात मनगटाशी धरून म्हाताऱ्यापुढे केला.

स्वतःच्या विहिरीविषयी कोरड्या मुलखातल्या माणसापुढे अभिमानाने बोलताना आपण काय बोलून गेलो, हे त्या सुभेदाराच्या ध्यानातही आले नव्हते. दादासोने हात सोडवून घेतला आणि मान खाली घालून जेवण संपवले. शरयूबाई आमटीचे भांडे घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्यांच्याकडे माझी दृष्टी गेली. त्यांनी सारे ऐकले होते.

दादासोने ते आपल्या वकिलांना सांगितले. मार्चच्या अखेरीस शरयूबाईंच्या दारी साक्षीचे समन्स आले. बजावण्यास आलेला बेलीफ तरुणपणी यजमानांच्या हाताखाली शिकलेला होता. तो खाली मान घालून उभा राहिला. बाईंनी सही केली आणि त्याला पाणी दिले.

त्याआधी वकिलांचे कारकून माझ्याकडेही येऊन गेले होते. “तुम्ही शेजारीच होतात म्हणे,” ते म्हणाले. मी म्हणालो, “माझे लक्ष त्या वेळी नकलून घेतलेल्या पाठाकडे होते. मला काही आठवत नाही.” विद्वान माणसास अशी एक विस्मृती नेहमी उपलब्ध असते. ती मी वापरली, आणि कारकून नमस्कार करून गेले.

समन्स आले त्या सायंकाळी जेवताना बाईंनी मला एवढेच विचारले, “तुम्हीही होतात ना पंगतीत?”

मी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांनी ताक वाढले आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

पुढल्या तारखेस सयाजी हात धुऊन ओसरीवर आला तेव्हा बाईंनी त्याला थांबवले.

“सुभेदार, मला समन्स आलंय. मी शपथेवर खोटं बोलणार नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं म्हणून सांगते.”

सयाजी पिशवी खुंटीवरून काढता काढता थांबला. “व्हय. ऐकलंय मी.” मग पिशवी काखेत मारून म्हणाला, “पर बाई, ते आमी कोर्टात बोललो न्हवतो. तुमच्या पानावर बोललो हुतो.”

तो निघून गेल्यावर बाई उंबऱ्यात बसल्या. त्यांना दिवसाउजेडी बसलेले मी प्रथमच पाहत होतो.

“खोटं बोलले तर देवापुढे उभी राहू शकणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि खरं बोलले तर कुणाच्या पानापुढे उभी राहू? पंधरा वर्षं माणसांना भरवसा दिला. साक्ष झाली की त्या दिवशीचं जेवण वाढून टाकीन आणि दार लावीन.”

“दुसरा मार्ग निघेल,” मी म्हणालो.

“तुम्ही पोथ्या वाचता. त्यात असला तर सांगा.”

पोथ्यांत तो नव्हता.

त्या आठवड्यात पंगती मुक्या झाल्या. माणसे येत, पिशव्या टांगत, पण पावसाविषयीसुद्धा कुणी बोलेना. वाढा आणि पुरे, एवढे दोनच शब्द ऐकू येत. एकाने तर विनोदाने विचारले, “बाई, मीठ कमी हाय म्हनलं तर चाललं का, का ते बी लिवून घ्याल?” कुणी हसले नाही. ज्याने म्हटले त्यालाच ओशाळल्यासारखे झाले.

साक्षीच्या दिवशी बाईंनी पहाटे उठून सारा स्वयंपाक केला, भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या, आणि धुवट लुगडे नेसून राजवाड्याच्या पायऱ्या चढल्या. मी मागे चाललो होतो. न्यायालयाच्या त्या दालनाचे छत उंच होते. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या बाई तेथे फार लहान दिसल्या.

दादासोच्या वकिलांनी विचारले ते त्यांनी जसे घडले तसे सांगितले. ना एक शब्द अधिक, ना उणा. मग सयाजीचे वकील उठले.

“आपण वाढत होता. पंगतीत वीस माणसं. कोण काय बोललं याकडे आपलं लक्ष कसं असेल?”

“वाढणारीचं लक्ष जेवणाऱ्याकडेच असतं. नाहीतर कुणाला काय हवं ते कळायचं कसं?”

“म्हणजे आपण लोकांचं बोलणं ऐकता.”

“ऐकते. पण बाहेर नेत नाही. आज पहिल्यांदा नेलं.” मग न्यायाधीशांकडे वळून त्या म्हणाल्या, “एक सांगू का? सुभेदार ते भांडणात बोलले नाहीत. भावाचं कौतुक करताना बोलले. तेही लिहून घ्यावं.”

न्यायाधीशांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि ते लिहून घेण्यास सांगितले. दादासो मागच्या बाकावर बसला होता. नख नसलेल्या अंगठ्याचा हात त्याने कोटाच्या खिशात घातला.

दुपारी बाईंनी पाट मांडले. येणाऱ्यांत मी पहिला होतो. मग तीन-चार ओळखीचे आले. दादासो आला नाही. ज्याच्या बाजूने साक्ष झाली तो गोलबागेच्या कट्ट्यावर एकटा चिवडा खात बसल्याचे कुणीसे सांगितले. आणि ज्याच्या विरुद्ध साक्ष झाली तो सयाजी मात्र वहाणा काढून आत आला, पिशवी टांगली आणि पाटावर बसला.

बाईंनी वाढले.

“सुभेदार,” त्या म्हणाल्या, “आजची शेवटची पंगत. उद्यापासून दार बंद.”

“का म्हनून?”

“तुम्हीच म्हणालात ना, पानावर बोललो होतो म्हणून.”

सयाजीने घास गिळला. “आवं बाई, म्हनलं खरं. पर तुमी खोटं बोलला असता तर मी हितं भाकरी खाल्ली नसती. म्हनलं असतं, आज आमच्यापायी बोलली, उद्या दुसऱ्यापायी बोलंल.” त्याने ताकाचा पेला पुढे केला. “आन् निकाल माज्या इरोधात गेला तर अपील हाय. ते बी ह्याच राजवाड्यात. पाच वर्सं तरी चालंल. तुमी दार लावल्यावर आमी जेवायचं कुटं?”

“दुसऱ्या खानावळी आहेत.”

“हायत. तितं मिलोची भाकरी मोडती.”

बाईंनी पेल्यात ताक ओतले. दुसऱ्या दिवशी मी सवयीने गेलो तेव्हा दार उघडे होते.

एक गोष्ट मात्र बदलली. तोवर त्या वाढून झाल्यावर दाराशी उभ्या राहत. आता त्या पहिले वाढणे झाले की स्वयंपाकघरात जात, आणि आतून भांड्यांचा आवाज सुरू होई. घासलेली भांडी पुन्हा घासली जात, पातेल्यावर पातेले आदळे. कुणी “बाई, भाकरी” म्हणून मोठ्याने हाक मारली की आवाज थांबे, त्या येऊन वाढत आणि पुन्हा आत जात. पंगतीला आठवडाभराने त्याचा अर्थ उमगला, आणि माणसे हळूहळू पुन्हा बोलू लागली.

कोर्टाच्या सुट्ट्या लागण्यापूर्वीच्या शेवटच्या तारखेस दादासो आला. ओसरीवर बराच वेळ पिशवी हातात धरून उभा होता. बाईंनी त्याला हाक मारली नाही. फक्त सयाजीच्या शेजारी एक पाट अधिक मांडला. तो येऊन बसला. त्यांनी दोघांना वाढले, माझ्या ताटात आमटी घातली, आणि त्या आत गेल्या. भांडी वाजू लागली.

दोघे भाऊ मान खाली घालून जेवत होते. थोड्या वेळाने सयाजी, ताटावरची नजर न उचलता, म्हणाला, “बोल की आता दादा. बाईला ऐकू जात न्हाई.”

दादासोने घास खाली ठेवला आणि माझ्याकडे एकदा पाहिले. मी माझे ताट उचलले, पाणी घेतले, आणि ओसरीवर जाऊन बसलो.