पौर्णिमेचा पेढा

मी अण्वस्त्र धोरणावर पीएच.डी. करतेय असं सांगितलं की लोक हसायचे. निलंग्याच्या पोस्टमनची पोरगी, अहमदपूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते, आणि हिला अमेरिका-रशियाच्या क्षेपणास्त्रांचं काय पडलंय? स्टाफरूममधल्या एका सरांनी तर तोंडावर सुनावलं होतं, "मॅडम, तुमच्या लोकांना चळवळीवर तयार मटेरियल मिळतं. हे कशाला डोक्याला?" मी म्हटलं, "सर, बॉम्ब पडला तर प्रवर्ग बघून पडणार नाही." त्यानंतर ते माझ्याशी फक्त परीक्षेच्या ड्युट्यांपुरतं बोलायचे. मला चाललं.

हा विषय का घेतला, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला कारण माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, आणि त्यांनी खाल्लेला एक पेढा.

मी तिसरीची परीक्षा दिली होती आणि सुट्टी लागली होती. बुद्धपौर्णिमा होती. वस्तीतल्या विहारात संध्याकाळच्या वंदनेची तयारी चालली होती. खिरीचं पातेलं उतरलं होतं, बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, अण्णा एकेक मेणबत्ती लावत होते. तेवढ्यात बाजाराकडून फटाके ऐकू आले. आम्हा पोरांना वाटलं, आपल्याच सणाचे फटाके. गाव आमच्या सणाला फटाके वाजवत नसतं, हे कळायचं ते वय नव्हतं.

थोड्या वेळानं गुलालानं माखलेली पंधरा-वीस माणसं विहारासमोर आली. राजस्थानच्या वाळवंटात देशानं अणुचाचणी केली होती, आणि ती नेमकी त्याच दिवशी. त्याआधी कैक वर्षांपूर्वी पहिली चाचणी फत्ते झाली, तेव्हा 'बुद्ध हसला' असा सांकेतिक निरोप दिल्लीला गेला होता, असं सांगतात. ती पहिली चाचणीसुद्धा पौर्णिमेलाच झाली, असंही लोक छातीठोकपणे सांगतात. ते खोटं आहे. मी जुनं पंचांग काढून बघितलंय. पण फटाके वाजवणाऱ्यांना पंचांगाशी काय देणंघेणं?

त्या घोळक्यात एक आडत दुकानदार होते. अण्णा रोज त्यांच्या दुकानात टपाल द्यायचे. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. "पोस्टमन, तोंड उघडा!" ते म्हणाले, "आज तुमच्या बुद्धानं पाकिस्तानची जिरवली!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना खरोखर आनंद झाला होता, आणि तो आम्हालाही होईल असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. मला आजही याचाच जास्त राग येतो. वाईट बोलले असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

अण्णांनी एकदा मूर्तीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग तोंड उघडलं. पेढा खाल्ला आणि वर हसून म्हणाले, "लई गोड हाय, मालक." मी आठवडाभर अण्णांशी बोलले नाही. पुढे बोलायला लागले, पण त्यांना मनातून भित्रा ठरवून टाकलं ते टाकलंच. मी जे काही शिकले ते आपण असं तोंड उघडायचं नाही या एका जिद्दीवर शिकले. कॉलेजात माझं कुणाशी पटत नाही, त्याचंही मूळ तेच असावं.

प्रबंधाचा विषय होता, अण्वस्त्रांचा पहिला वापर आम्ही करणार नाही, हे आपल्या देशानं दिलेलं वचन. त्यावर तीनशेहून जास्त पानं लिहिली. बडी राष्ट्रं एकमेकांना कशी धाक घालतात, करार कसे करतात आणि गरज सरली की कसे वाऱ्यावर सोडतात, सगळं आलं. शेवटच्या प्रकरणात चार पानं मात्र वेगळी होती. त्यात ती विहारातली संध्याकाळ होती. आणि एक साधा प्रश्न होता: ज्या नावाच्या आधारानं आमच्या आज्यापणज्यांनी मान वर केली, ते नाव स्फोटाच्या निरोपाला वापरताना आम्हाला कुणी विचारलं होतं का?

माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या चारही पानांवर लाल पेनानं आडवी रेघ मारली. "ताई, विषय धोरणाचा हाय. हे भावनेचं झालं. बाहेरचे परीक्षक भडकले म्हणजे? तिकडं तुमच्या कॉलेजात जागा निघायली. डिग्री पाहिजे का न्हाई?" मी त्यांच्याशी तासभर भांडले. दार आपटून बाहेर पडले. आणि दुसऱ्या दिवशी टायपिंगवाल्याकडे जाऊन ती चार पानं काढून टाकली. कायमच्या जागेची मी इतकी वर्षं वाट बघत होते की राग एका रात्रीपुरताच टिकला.

मनाची समजूत अशी घातली की लिहिलं नाही तर नाही, तोंडी परीक्षेत सगळ्यांसमोर बोलू. ती चार पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. अण्णांना फोन केला, "परीक्षेला नांदेडला विद्यापीठात या. मला तिथं एक गोष्ट सांगायचीय." खरं सांगायचं तर त्यांना दाखवायचं होतं की बघा, तोंड कशासाठी उघडायचं असतं.

अण्णा आले. रिटायर होऊन खूप वर्षं झाली तरी इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. शेवटच्या रांगेत बसले. बाहेरून आलेले परीक्षक पुण्याकडचे होते, गोड बोलणारे. त्यांनी विचारलं, "पहिला वापर नाही म्हणणं हा दुबळेपणा नाही का?" मी सांगितलं की घाबरलेला माणूस पहिला हात उचलतो, आणि दोन्ही बाजू घाबरलेल्या असल्या तर कुणीतरी एकानं हात खाली ठेवलेला बरा. उत्तर त्यांना आवडलं. मग त्यांनाच बोलायचा हुरूप आला.

"पाच देशांनी अण्वस्त्रांची पंगत मांडली," ते म्हणाले. "आम्हीच तेवढे बसणार, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं! आपल्यासारख्या देशाला बाहेर उभं केलं. केवढा अपमान! तो आपण धुऊन काढला." त्यांचा आवाज खरंच कापत होता. पंगतीबाहेर बसवलं की काय होतं, हे त्यांना फक्त देशाच्या बाबतीत ठाऊक होतं. शेवटच्या रांगेत असा माणूस बसला होता, ज्याला लहानपणी गावच्या जेवणात उकिरड्याच्या बाजूला वेगळं वाढायचे.

आणि तेवढ्यात त्यांनी विचारलं, "तुम्ही ग्रामीण भागातल्या. हा विषय का घ्यावासा वाटला? काही वैयक्तिक कारण?"

याच्यापेक्षा चांगली संधी मला कुणी दिली नसती. मार्गदर्शक सर माझ्याकडे बघत होते. अण्णांनी मान वर केली होती. माझा हात पर्सवर होता.

"नाही सर," मी म्हणाले. "वैयक्तिक असं काही नाही. अभ्यास म्हणूनच."

टाळ्या झाल्या. पदवीची शिफारस झाली. सकाळी मीच आणलेला पेढ्यांचा बॉक्स उघडला गेला, आणि परीक्षकांनी त्यातला एक माझ्यापुढे धरला. "डॉक्टर मॅडम, पहिला मान तुमचा." मी तो खाल्ला. छान आहेत म्हणाले, हसलेसुद्धा. अण्णांपुढे बॉक्स आला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि शुगर असल्याचं सांगितलं. त्यांना शुगर नाही.

दुपारच्या एसटीनं आम्ही अहमदपूरला निघालो. लोहा गेलं तरी अण्णा खिडकीबाहेरच बघत होते. शेवटी मीच चिडून म्हटलं, "बोला ना काहीतरी. एवढ्या लांब बोलावलं आणि पोरीनं शेपूट घातली, असं म्हणा."

"तुला काय सांगायचं होतं गं माय?"

मी पर्समधून पानं काढून दिली. त्यांनी चष्मा लावला. गाडी हादरत होती, तरी त्यांनी चारही पानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. पेढ्याचा मजकूर दुसऱ्या पानावर होता. मी त्यांना तिथं काय म्हटलंय, ते मला पाठ होतं. 'लाचार' हा शब्द मी फार जपून निवडला होता, आणि आता तो पुसता आला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी पानांची होती तशीच घडी घातली. "चांगलं लिव्हलंस," ते म्हणाले. "त्या पुण्याच्या सायबाचा पत्ता हाय ना? पाकिटात घालून पोस्टानं धाड. पोचल्याची पावती घ्यायची, म्हंजे मिळालं न्हाई म्हणता येत न्हाई."

"आत्ता नको अण्णा," मी म्हणाले. "अजून डिग्री हातात आली नाही. जागेची मुलाखत व्हायचीय. जरा थांबू."

मी काय बोलले, ते मला बोलून झाल्यावर ऐकू आलं. अण्णांनी मान हलवली. त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता.

"हाव, माय," ते म्हणाले. "मलाबी दुसऱ्या दिशी त्या मालकाच्या दुकानात टपाल द्यायचं होतं."